पेढी परदेशी, बिऱ्हाड कोठे?



साहित्याचा अध्यापक व्यापारावर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. नफातोट्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु व्यापारासाठी सारे बिऱ्हाड परदेशी हलवणे हा केवळ आर्थिक प्रश्न नव्हे. तो कुटुंबाचा प्रश्न आहे. आपल्यापैकी काहीजण आज या निर्णयाच्या उंबरठ्यावर असतील. त्यांच्यासाठी इतिहासातील एक उदाहरण मांडतो.

हे उदाहरण युगांडाचे. आपल्या बडोद्याच्या शेजारच्या चरोतरातून, तसेच सौराष्ट्रातून व कच्छमधून हजारो माणसे पूर्व आफ्रिकेत गेली. मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर ही रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांच्या श्रमांवर. रुळांच्या मागोमाग व्यापारी आत शिरले. त्यांनी आडगावी दुकाने मांडली, सरकी काढण्याचे आणि साखरेचे कारखाने उभारले. आपला ‘दुकान’ हा शब्द तेथील स्वाहिली भाषेत ‘दुका’ होऊन कायमचा राहिला. दुकानदाराला मात्र ते भाग्य लाभले नाही.

असे का झाले? हे व्यापारी इंग्रजी सत्तेच्या छत्राखाली गेले होते. त्या सत्तेच्या उतरंडीत वर गोरा, मध्ये हिंदी आणि तळाशी त्या मातीचा मूळ रहिवासी, अशी रचना होती. आफ्रिकी शेतकऱ्याला रोज दिसणारा चेहरा गोऱ्या गव्हर्नरचा नव्हता. तो दुकानातल्या हिंदी माणसाचा होता. रोष साचला तो त्याच्यावर. १९५९ साली बुगांडा प्रांतात आशियाई दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली. १९६७-६८ मध्ये केनियातून हजारो आशियाई निघून गेले. तेरा वर्षे इशारे मिळत होते. दमडीदमडीचा हिशेब ठेवणाऱ्या वह्यांत या इशाऱ्यांसाठी मात्र खाते नव्हते.

आपण बडोद्याचे मराठी लोकही मुळात बाहेरून आलेलेच. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आपण राज्यकर्त्यांबरोबर आलो, आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा दरबार गेला, मानमरातब गेला, पण ‘तुम्ही या देशाचे कोण?’ असे आपल्याला कोणी विचारले नाही. युगांडातील माणसाला नेमका तोच प्रश्न विचारला गेला.

१९६२ साली युगांडा स्वतंत्र झाला, तेव्हा नागरिकत्व निवडण्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. कोणी युगांडाचे झाले, कोणी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला, कोणी भारताचा. पुष्कळ घरांत ही विभागणी एकाच छपराखाली झाली. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची. कित्येकांना ती व्यवहारचातुर्याची गोष्ट वाटली. ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीन याने ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाईंना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम फर्मावला. पाठोपाठ भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांनाही तो लागू झाला. युगांडाचे नागरिकत्व घेतलेल्या अनेकांची कागदपत्रे पडताळणीत नाकारली गेली आणि ते कोणत्याच देशाचे उरले नाहीत. हा अन्याय हुकूमशहाचाच. त्याचे खापर पीडितांवर फोडता येणार नाही. पण परिणाम पाहा. बायकामुले इंग्लंडात आणि नागरिकत्व हरपलेला कर्ता पुरुष ऑस्ट्रिया किंवा इटलीतील निर्वासित छावणीत, अशी कुटुंबे कित्येक महिने ताटातूट सोसत राहिली. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये पोहोचले. त्यातल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे आधीच कळवले होते.

मराठीत मालमत्तेसाठी ‘स्थावर’ आणि ‘जंगम’ असे दोन शब्द आहेत. युगांडात जे स्थावर होते, ते जागीच राहिले आणि जप्त झाले. पुढे १९८२ साली मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला. काकिरा येथील माधवानी कुटुंबाचा साखर कारखानाही पुन्हा त्यांच्या हाती आला. म्हणजे गेलेली इस्टेट काहींना परत मिळाली. परंतु पंचविशीत शिक्षण तुटलेल्या मुलाची वर्षे, साठीत नव्या देशी गिरणीत रोजंदारीला लागलेल्या माणसाची उमेद, परक्या थंडीत एकटी पडलेली म्हातारी, यांची भरपाई कोणत्या कायद्याने होणार?

म्हणून माझे सांगणे एवढेच. परदेशी जाऊ नये असे मी म्हणत नाही. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्यांनीच जग जोडले आहे. पण भांडवल गुंतवताना जेवढी चौकशी करता, तेवढीच कुटुंबाच्या नागरी स्थानाची करा. पुष्कळ देशांत बायकामुलांचा निवासपरवाना व्यवसायाच्या परवान्याला बांधलेला असतो. धंदा बसला की घरही उठते. घरातील प्रत्येकाची कागदपत्रे काय म्हणतात, हे निघण्यापूर्वी पाहा. सारी पुंजी परक्या भूमीतल्या विटामातीत अडकवू नका. तेथील भाषा केवळ गिऱ्हाइकापुरती शिकू नका. शेजाऱ्याच्या सुखदुःखात बोलता येईल इतकी शिका. आणि सर्वांत महत्त्वाचे, जिचा संसार हलणार आहे तिला आणि ज्यांची शाळा सुटणार आहे त्या मुलांना आधी विचारा. व्यापारातील जोखीम व्यापारी स्वखुशीने उचलतो. घरच्यांवर ती न विचारता लादली जाते.