गप्प राहायचा हक्क कोण सांगणार?



बंगळूरमध्ये आमच्या गल्लीत लातूरकडचा एक मुलगा खोली करून राहतो. एका रात्री त्याचा फोन आला. "काका, ठाण्यात बसवलंय. कसल्यातरी कागदावर सही घेतली." कागद कानडीत, आणि याला कानडीचं एक अक्षर वाचता येत नाही. मी गेलो. चोरीच्या मोटारसायकलची चौकशी होती. तासाभरात त्याला सोडलं. वाटेत त्यानं विचारलं, "काका, सिनेमात पोलीस आधीच सांगतात ना, गप्प राहायचा हक्क आहे म्हणून? मला का नाही सांगितलं?"

फौजेत आम्ही सांगायचो. जवानावर आरोप असेल आणि लेखी पुरावा घ्यायचा असेल, तर त्याचं म्हणणं विचारण्याआधी बजावावं लागतं: बोलायची सक्ती नाही, पण बोललास तर ते लिहून घेतलं जाईल आणि पुराव्यात येऊ शकेल. आर्मी रूल्स १९५४, नियम २३. बाहेरही असंच असेल, असं मला वाटायचं. तसं नाही.

सिनेमातला तो नियम अमेरिकेचा, १९६६ च्या मिरांडा खटल्यातला. मुंबईवरच्या हल्ल्यातल्या कसाबच्या वकिलांनी तोच मुद्दा मांडला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो नियम आपल्याला लागू नाही. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब मुळात पुरावाच ठरत नाही. मात्र आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं की वकिलाचा हक्क समजावून सांगणं, हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य ठरवलं.

म्हणजे गप्प राहायचा हक्क आहे. राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे, आणि तो ठाण्यातल्या चौकशीतही चालतो, हे नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ सालीच ठरलं. फक्त चौकशीआधी तो तुम्हाला कुणी वाचून दाखवेल, याची खात्री नाही.

मग पोलिसांनी काय सांगायलाच हवं? अटक केली तर अटकेची कारणं. नातेवाईकाला किंवा मित्राला कळवायचा हक्क. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्क. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पण तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं.

आता भाषेचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या वरळीच्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: अटकेची कारणं लेखी द्या, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्या. लगेच जमत नसेल तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा. आपल्यासारख्या परराज्यात राहणाऱ्यांसाठी हा निकाल मोठा आधार आहे.

आणि ती सही? तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, असं कायदाच सांगतो. अटकेच्या मेमोवर मात्र सही असते. म्हणून आधी विचारायचं, "साहेब, हा कागद कसला? मला वाचून दाखवा." आवाज न चढवता, पण विचारायचंच.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "बाळा, तिथे कुणी सांगेल याची वाट बघू नकोस. घरून शिकून जा." तुमच्या घरातलं कुणी बाहेरगावी राहत असेल, तर आज रात्री फोनवर त्यालाही हे सांगा.

जय हिंद.