रुग्णालयाचे बिल आणि शासनाचे नियंत्रण
(वार्षिक सभेतील व्यवस्थापकांचे भाषण)



राजारामपुरीतील आपल्या या रुग्णालयात मला वर्षभर एकच प्रश्न विचारला जातो : सरकार बिलांना लगाम का घालत नाही? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उत्तर हिशेबाच्या भाषेतच देतो.

लगाम घातला गेला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. रुग्णांना त्याचा लाभ झाला, हे निःसंशय. परंतु बिलात स्टेंट ही एकच ओळ असते. याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. छापील किंमतच फुगविलेली असल्याने त्यासाठी कायदा मोडण्याचीही गरज नव्हती!

म्हणून मला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये लागू झालेली धर्मादाय रुग्णालयांची योजना अधिक मोलाची वाटते. तीत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, आणि इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. निर्धन रुग्णाच्या खाटेचे व शुश्रूषेचे शुल्क लागत नाही. औषधे व साहित्य खरेदीच्या भावाने धरून तो खर्च निधीत टाकला जातो. 'खरेदीच्या भावाने' या शब्दांत सारे मर्म आहे. तेथे नफ्याला जागाच उरत नाही.

अडचण आहे ती निधीची. एक कोटीच्या बिलांमागे दोन लाख जमतात, आणि अतिदक्षता विभागातील मोजके रुग्ण ते संपवितात. उरलेला भार आपल्या देणग्या उचलतात. तो इतर रुग्णांच्या बिलांवर टाकावा, असे काही हितचिंतक सुचवितात. मला ते मान्य नाही. लहान दुकानदार किंवा खासगी शाळेतील शिक्षक उत्पन्नाच्या मर्यादेत बसत नाही, आणि एका शस्त्रक्रियेने कर्जबाजारी होतो तोही तोच. त्याच्या बिलावर औषधांचा खरेदीभाव छापण्याची सक्ती शासनाने सर्वच रुग्णालयांवर करावी, असे माझे मत आहे. वितरकांना ते रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार दरफलक व रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. आपले दोन्ही फलक रोखपालाच्या खिडकीशेजारी आहेत. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असलेल्यांनी दाखल होतानाच समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. तातडीच्या रुग्णाची कागदपत्रे मागाहून आणली तरी चालतील. अनामत रकमेसाठी त्याला दारात थांबविले जाणार नाही.