छातीच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मोटारसायकलवर



खेड्यातील एखादा दूधवाला डोळ्यांसमोर आणावा. पहाटे उठावे, वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करावे, मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना भरलेले कॅन अडकवावेत आणि उजाडता उजाडता तालुक्याचे गाव गाठावे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. पन्नाशीच्या उंबरठ्यावर छातीत कळ येते, तपासण्या होतात आणि बायपास शस्त्रक्रिया करावी लागते. ती यशस्वी होते. परंतु घरी परतल्यावर पडवीत उभी असलेली गाडी त्याला रोज एकच प्रश्न विचारीत असते, पुन्हा केव्हा? गाडी ही त्याची हौस नव्हे, तिच्यावर घरची चूल अवलंबून आहे.

हा प्रश्न विचारण्याची संधी रुग्णाला मिळावी, हेच वैद्यकशास्त्राचे मोठे यश होय. हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ साली केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातील पहिले हृदयारोपण केले. आपल्या राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनआरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचाही समावेश आहे. त्यामुळे पूर्वी केवळ मोठ्या शहरांतील सधनांच्या आवाक्यात असलेला हा उपचार आज शेतकरी, कष्टकरी यांच्यापर्यंत पोहोचला आहे. साहजिकच, बरे झाल्यावर पुन्हा दुचाकीवर बसू इच्छिणाऱ्यांची संख्याही वाढली आहे.

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यचिकित्सक बहुधा छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, उभे छेदतात आणि काम आटोपल्यावर ते पोलादी तारांनी घट्ट बांधतात. वरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आलेली दिसते आणि तेथेच अनेकांची फसगत होते. कातडी सांधली म्हणजे हाड सांधले असे नव्हे. हाड जुळून येण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे आणि पुरेसे बळकट होण्यास सुमारे तीन महिने लागतात. मधुमेही, धूम्रपान करणारे आणि ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, अशांना याहून अधिक काळ लागू शकतो. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये, खोकताना छातीशी उशी धरावी, असे रुग्णालयातून निघताना बजावले जाते. फुप्फुसाची शस्त्रक्रिया बरगड्यांमधून होते तेव्हा हाड चिरले जात नसले, तरी त्या बाजूचा खांदा आखडतो आणि वेदना बराच काळ रेंगाळतात.

मोटारीपेक्षा मोटारसायकलला अधिक काळ थांबावे लागते, याचे कारण येथेच आहे. गाडी वेगात असताना ती स्वतःचा तोल बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते. शक्ती लागते ती इतर वेळी. डबल स्टँडवर चढविताना, किक मारताना, चिखलातून ढकलताना, खड्ड्यात हँडल आवरताना. सव्वाशे किलोंची गाडी कलली की ती सावरण्याचा सारा ताण दोन्ही हातांवाटे छातीवर येतो. त्यात चाळीस लिटरचे दोन कॅन भरलेले असतील, तर आणखी ऐंशी किलोंहून अधिक भार वाढतो. तेव्हा ‘सरळ रस्त्यावर गाडी चालविता येते का?’ ही खरी कसोटी नव्हे. ‘अचानक कुत्रे आडवे आले तर गाडी आवरता येईल का?’ ही खरी कसोटी होय.

म्हणून परतण्याची वाट पायरीपायरीची असावी. प्रथम रोजचे चालणे आणि शिकविलेले व्यायाम. सुमारे तीन महिन्यांनी शल्यचिकित्सकांची तपासणी आणि त्यांची स्पष्ट संमती. मग बंद गाडीवर बसून मान मागे वळते का, दोन्ही हात हँडलवर निर्धास्त राहतात का, हे पाहावे. त्यानंतर कोणी तरी सोबत असताना मोकळ्या मैदानात फेरी, मग गावातल्या गावात, तीही मागे कोणाला न बसविता. कॅन अगदी शेवटी, आणि तेही आरंभी अर्धे. या काळात छातीत कटकट जाणवली, जखमेतून स्राव आला, ताप, धाप किंवा चक्कर आली, तर गाडी तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

औषधांचाही विचार हवा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना चक्कर येते, तर काही वेदनाशामकांनी गुंगी येते. अशा वेळी गाडी हाती घेऊ नये. कृत्रिम झडप बसविलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागतात. त्यांच्या बाबतीत डोक्याला बसलेला लहानसा मारही जीवघेणा ठरू शकतो. अशांनी औषधाची नोंद असलेली चिठ्ठी सदैव खिशात ठेवावी. शिरस्त्राण तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालविणाऱ्यास आणि मागे बसणाऱ्यास बंधनकारकच आहे.

राहिला प्रश्न मनाचा. कोणी घाईने जातो, तर कोणी भीतीने गाडीला हातच लावीत नाही. घरची माणसे किल्ली लपवून ठेवतात आणि त्यावरून कुरबुरी होतात. त्यापेक्षा पत्नीने किंवा मुलाने तपासणीच्या वेळी बरोबर जावे आणि डॉक्टरांचे म्हणणे दोघांनी मिळून ऐकावे, म्हणजे किल्ली लपविण्याची पाळी येत नाही. आणि त्या तीन महिन्यांत भावकीतल्या कोणी, शेजाऱ्याने अथवा गावच्या दूधसंस्थेने त्याचे कॅन पोहोचते केले, तर घाईचे अर्धे कारणच नाहीसे होते. हाड जुळविण्याचे काम शरीर करते. त्याला लागणारा अवधी मिळवून देणे, हे मात्र घराच्या आणि गावाच्या हाती असते.