एकट्यानें परदेशीं जावें काय?

जन्मभर दुसऱ्यांस प्रश्न विचारणें हाच ज्याचा व्यवसाय, त्यास कोणी उलट प्रश्न केला म्हणजे त्याची कशी तारांबळ उडते, तें मीं २०२३ सालच्या पावसाळ्यांत अनुभविलें. कर्जत तालुक्यांतील एका खेड्याच्या शाळेंत मीं छत्तीस वर्षें शिकविलें. सेवानिवृत्त शिक्षकाच्या दारीं कोणी आलें, तर तें बहुधा लग्नाची पत्रिका घेऊन येतें. त्या दिवशीं मात्र माझे एक जुने स्नेही आपल्या मुलीस घेऊन आले. मुलगी माझी विद्यार्थिनी. कर्जतहून रोज लोकल गाडीनें मुंबईस नोकरीला जाणारी. तिचा बेत असा कीं, पाठीवर पिशवी टाकून एकटीनेंच नेपाळांत जावें, अन्नपूर्णा पर्वताभोंवतीं पायीं फिरावें, थोरोंग नांवाची खिंड ओलांडावी आणि शेवटीं पोखऱ्यास पॅराग्लायडिंग करावें, म्हणजे कापडी पंखाच्या आधारें आकाशांत विहार करावा.

"गुरुजी, तुम्हीच हिला चार शब्द सांगा," वडील म्हणाले.

त्यांची भीति मला परकी नव्हती. इर्शाळवाडीच्या घटनेस पंधरवडाहि लोटला नव्हता. खालापूर तालुक्यांतील ती इर्शाळगडाच्या कुशींतली ठाकरांची वाडी. १९ जुलैच्या रात्रीं मुसळधार पावसांत तिच्यावर दरड कोसळली आणि कुटुंबेंच्या कुटुंबें मातीखालीं गेलीं. वर मोटारीचा रस्ता नव्हता; मदतीस जाणारे लोक पावसाचिखलांतून पायीं चढून गेले. ज्या डोंगराच्या अंगाखांद्यावर पिढ्या वाढल्या, तोच असा उलटतो. मग परमुलुखांतल्या डोंगराचा भरंवसा बापानें कसा धरावा?

मीं मुलीस पुष्कळ उपदेश केला. तिनें तो निमूटपणें ऐकला आणि मग विचारलें, "गुरुजी, सातवींत तुम्हीं आम्हांला हिमालय शिकविलात. तुम्हीं स्वतः तो पाहिला आहे का?"

मी निरुत्तर झालों. ज्या मास्तरानें छत्तीस वर्षें नकाशांतल्या हिमालयावरून छडी फिरविली, त्यानें बर्फ पाहिलेलें होतें तें उसाच्या रसाच्या गाड्यावरचें! मी तिला म्हणालों, "पोरी, मला तीन महिने दे. आधीं मी जाऊन येतों. मग काय तें सांगतों."

आपल्या लोकांस असें वाटतें कीं, एकट्यानें परदेशीं हिंडणें हें साहेबाचें वेड आहे. तें खरें नव्हे. गोव्यांतील सांखवाळ गांवीं १८७६ सालीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांची हकीगत आठवावी. बुद्धाच्या धर्माचा शोध घेण्याच्या तळमळीनें त्यांनीं १८९९ सालीं घर सोडलें. जवळ द्रव्य नाहीं, परमुलुखांत ओळख नाहीं. काशीस संस्कृत शिकून ते नेपाळास गेले. परंतु जें शोधीत होते तें तेथें सांपडलें नाहीं. तेव्हां ते तेथून मागें फिरले, बुद्धगयेस आले आणि पुढें सिलोन गांठून पाली भाषा शिकले. पुढें हेच गृहस्थ अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत ग्रंथसंपादनाच्या कामास बोलाविले गेले. नेपाळांतून ते मागें फिरले, एवढी गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

दिवाळीपूर्वीं मी निघालों. कुटुंबानें तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी बांधून दिली. कल्याणास गोरखपूरची गाडी धरली. तेथून बसनें सुनौली. सीमेवर एक कमान आहे, तिच्याखालून माणसें चालतच पलीकडे जातात. भारतीयांस तेथें व्हिसा लागत नाहीं. पारपत्र किंवा मतदाराचें ओळखपत्र पुरतें. आपल्या १०० रुपयांचे तिकडचे १६० होतात आणि घड्याळ १५ मिनिटें पुढें करावें लागतें. दुकानांच्या पाट्या आपल्याच लिपींत. वाचतां सर्व येतात, परंतु अर्थ निम्माच हातीं लागतो. पहिलीच्या मुलाची जी अवस्था, ती साठी उलटल्यावर मीं पुन्हां अनुभविली, आणि खोटें कशाला सांगूं, मला तींत मौज वाटली. पाल्प्याच्या डोंगरांतून दिवसभर वळणें घेत बस पोखऱ्यास पोंचली.

दुसऱ्या दिवशीं पहांटे समोर पाहिलें आणि जागच्या जागीं उभा राहिलों. राजमाचीच्या बालेकिल्ल्यापर्यंत मान वर करण्याची माझी संवय; येथें ती आणखी वर करावी लागली. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच, म्हणजे आमच्या माथेरानइतकेंच. आणि तेथून दिसणारें माच्छापुच्छ्रे शिखर ६,९९३ मीटर!

पॅराग्लायडिंग तेथल्या एका टेकडीवरून होतें. मीं नांव नोंदविलें, पैसे भरले, धीर गोळा करून वर गेलों; आणि उडविणारा जो तरुण होता, त्यानें वाऱ्याची दिशा पाहून सांगितलें, "आज नाहीं." आकाश निरभ्र होतें. दोघां-तिघांनीं हुज्जत घातली, परंतु तो हलला नाहीं. माझा त्याच्यावर विश्वास बसला तो त्या नकारामुळें. दुसऱ्या दिवशीं त्यानें माझ्या कमरेचे व मांड्यांचे पट्टे स्वतः तपासले, त्याच्या सोबत्यानें ते पुन्हां तपासले. आणीबाणीची निराळी छत्री कोठें आहे तें दाखविलें. मग "धावा" म्हणतांच मी धावलों. चौथ्या कीं पांचव्या पावलाला पायांखालीं जमीन नव्हती. उन्हानें तापलेल्या उतारावरून हवा वर चढते. घारी तिच्यावरच पंख न हलवितां घिरट्या घालतात. आम्हीहि तसेच वर वर गेलों. हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें होतें! खालीं फेवा तलाव, समोर बर्फाच्या रांगा. भय वाटलें काय? वाटलें, पोटांत गोळा आला. तलावाकांठीं उतरल्यावर पाय लटपटत होते आणि मी एकटाच हंसत होतों.

माच्छापुच्छ्रे शिखराची एक गोष्ट तेथें सांगतात. स्थानिक लोक तें पवित्र मानतात. १९५७ सालीं इंग्रज गिर्यारोहकांचा एक संघ त्यावर गेला. नॉइस व कॉक्स हे दोघे शिखरापासून सुमारें ५० मीटरवर पोंचले आणि दिलेल्या वचनाप्रमाणें माथ्यावर पाय न ठेवतां मागें फिरले. त्यानंतर तें शिखर चढाईस बंदच झालें. इतक्या जवळून मागें फिरण्यास जें बळ लागतें, तें चढण्यास लागणाऱ्या बळाहून कमी आहे, असें कोण म्हणेल?

परत आल्यावर मीं बापलेकींस बोलाविलें. मुलीस सांगितलें, "जा, परंतु एकटी म्हणजे कोणालाच न विचारणारी, असा अर्थ करूं नकोस. आपण कोंडाणें लेण्यांवरून राजमाचीला चढतों, तेव्हां वाट ठाकराच्या पोराला विचारतों. तसाच तेथेंहि तिथल्या माणसाचा शब्द मान." नेपाळच्या पर्यटन मंडळानें एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रेकरूंस परवानाधारक वाटाड्या घेण्याचा नियम केला होता, तो तिनें पाळावा असें ठरलें. डोंगरांतून हेलिकॉप्टरनें खालीं आणण्याचा खर्च देणारा विमा उतरावा. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून सुमारें ५०० मीटरपेक्षां अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा. डोकें दुखूं लागलें, ओकारी झाली, तर आणखी वर जाऊं नये. तोल जाऊं लागला, तर रात्र असली तरी खालीं उतरावें. आमच्याकडे पावसाळ्यांत धबधब्यांवरून दोराच्या आधारें उतरण्याचे खेळ चालतात. तेथेंहि शिरस्त्राण आहे काय, दुसरा दोर आहे काय, गांठ कोण तपासतो आणि पाणी वाढल्यास खेळ बंद करतात काय, हें विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत.

मग मी वडिलांकडे वळलों. "तुम्हांकडून मला एकच वचन पाहिजे. ही अर्ध्यांतून परतली, तर तुम्ही किंवा घरांतलें कोणी तिला टोमणा मारणार नाहीं." ते चकित झाले. श्रोतेहो, माझा अनुभव असा आहे कीं, पुष्कळ तरुण डोंगरांत धोका दिसत असूनहि पुढें जातात, तें केवळ शौर्यानें नव्हे. परत गेल्यावर लोक काय म्हणतील, या भयानें. ऑक्टोबर २०१४ मध्यें थोरोंगच्याच परिसरांत अवेळीं हिमवादळ होऊन चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. अशा ठिकाणीं ज्याला लाज न वाटतां मागें फिरतां येतें, त्याचें पारडें जड असतें.

२०२४ च्या शरद् ऋतूंत ती गेली. रोज मुक्कामावरून शक्य होईल तेव्हां दोन ओळी येत. मनांग गांवाहून, म्हणजे ३,५०० मीटरवरून, आली तेव्हां सर्व ठीक होतें. मग दोन दिवस कांहींच नाहीं. त्या दोन रात्रीं तिच्या वडिलांनीं माझ्या ओटीवर बसून काढल्या. "गुरुजी, तुमच्या शब्दावर सोडली," एवढेंच ते एकदां म्हणाले. त्या वाक्याचें वजन मी कधीं विसरणार नाहीं. तिसऱ्या सकाळीं निरोप आला: "खिंडीच्या पायथ्याशीं डोकें फुटायला लागलें, उलट्या झाल्या. वाटाड्या म्हणाला उतरूं. उतरलें. आतां बरी आहे. खिंड राहिली."

रजा संपत आली होती. ती तशीच परतली. कर्जत स्थानकावर आम्ही दोघे गेलों होतों. वाटेंत एका ओळखीच्या गृहस्थांनीं हंसत विचारलें, "काय, खिंड न ओलांडतांच आली वाटतें?" मुलगी कांहीं बोलण्याच्या आंत वडील म्हणाले, "खिंड कांहीं पळून जात नाहीं. मुलगी घरीं आली."

तेव्हां, श्रोतेहो, एकट्यानें परदेशीं जावें काय, या प्रश्नास माझें उत्तर "जावें" असेंच आहे. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलांना जाण्याची परवानगी देतांना, मोकळेपणीं मागें फिरण्याचीहि परवानगी त्याच वेळीं द्यावी. आमची विद्यार्थिनी पुन्हां रजा सांठवूं लागली आहे. आणि या खेपेस पोखऱ्यापर्यंत तरी गुरुजींनीं बरोबर यावें, असा तिचा आग्रह आहे. माझे गुडघे काय म्हणतात, तें विचारून मी तिला कळविणार आहें.