अननसानं आधीच सांगितलं होतं



आज मी तुमच्याशी पुडिंगबद्दल बोलणार आहे. थरांचं, थंडगार, काचेच्या भांड्यातलं पुडिंग. खाली दुधात बुडवलेली मारी बिस्किटं, त्यावर पिवळं कस्टर्ड, मग फळांचे तुकडे आणि सगळ्यात वर लालभडक जेली. ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांच्या डोळ्यांपुढे हे भांडं लगेच येईल. वाढदिवस असो, नाहीतर घरी साहेब जेवायला येणार असोत, पुडिंग ठरलेलं असायचं. आताची मुलं त्याला 'जुन्या जमान्याचं' म्हणतात, आणि दोन वाट्या खातात.

हा पदार्थ मूळचा इंग्रजांचा. त्यांच्याकडे त्याला ट्रायफल म्हणतात. त्यात शेरीत भिजवलेला केक, अंड्याचं कस्टर्ड आणि वर मलई असते. आपल्या घरांत येताना त्यातली शेरी गळली, केकच्या जागी बिस्किटं आली आणि अंडंही गेलं. पण अंडं काढलं ते आपण नव्हे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या गृहस्थानं १८३७ साली ते काढलं. त्याच्या पत्नीला अंडं सोसत नसे, म्हणून त्यानं मक्याच्या पिठाची, बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. घरातल्या एका माणसाला एक गोष्ट चालत नाही, म्हणून केलेली ती सोय. पुढे ती आपल्या शाकाहारी घरांना आपसूकच लागू पडली. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आम्ही १९९३ साली कोपरखैरण्याला राहायला आलो. मी शाळेत शिक्षिका. वाशीपर्यंत लोकल नुकती, म्हणजे १९९२ साली आली होती, आणि तिथून पुढे बसनं यायचं. कोपरखैरण्याला स्टेशन झालं ते पार २००४ साली. आजूबाजूला सिडकोची घरं, आणि त्यांतली बरीच माथाडी कामगारांची. मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहणारी ही माणसं मुख्यतः सातारा जिल्ह्यातली. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, आणि मग घाऊक बाजार खाडी ओलांडून नव्या मुंबईत आले, तशी ही कुटुंबंही आली.

आमच्या शेजारी असंच एक कुटुंब होतं. पाटण तालुक्यातलं. मुलगा माथाडी, सून, नातू आणि आजी. आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, एकादशी चुकायची नाही. १९९६ साली फळांचा घाऊक बाजार मुंबईहून इकडे आला आणि आजींचा मुलगा तिथं लागला. मग काय, संध्याकाळी आजी पदराखाली काहीतरी घेऊन दारात उभ्या. कधी चार चिकू, कधी डाग पडलेले पण आतून गोड आंबे. "बाई, पोरास्नी कापून द्या."

त्यांच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. आमच्याकडे एका दाराचा छोटा होता. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? खाडीपलीकडच्या विक्रोळीच्या गोदरेजनं भारतात पहिल्यांदा फ्रिज बनवला तो १९५८ साली, म्हणजे तोवर चाळीस वर्षं होत आली होती. पण आमच्या ओळीत तेव्हाही तो मोजक्याच घरांत होता. त्यामुळे आमच्या फ्रिजात अर्ध्या गल्लीचं दूध आणि उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचा बर्फ.

१९९७च्या जूनमध्ये आजींच्या नातवाचा पाचवा वाढदिवस आला. फळं त्यांची, फ्रिज आमचा, म्हणून मी पुडिंग केलं. "अंडं नाही ना बाई?" आजींनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "अजिबात नाही." त्यांनी वाटी हातात घेतली, लाल जेली चमच्यावर थरथरताना बघितली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. तेव्हापासून दर जूनला पुडिंग ठरलेलं.

तिसऱ्या वर्षी फजिती झाली. आजींच्या मुलानं बाजारातून उत्तम पिकलेला अननस आणला. मी तो चिरून जेलीत घातला आणि भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर वर लाल पाणी! जेली थिजलीच नव्हती. पोरांनी ते पाणी पेल्यातून प्यायलं, आणि मी शाळेत जाऊन आमच्या विज्ञानाच्या सरांना कारण विचारलं.

सर म्हणाले, "कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं. जेली प्रथिनाची असते. ते तिचे धागेच तोडून टाकतं, मग ती थिजणार कशी? पपईचंही तसंच. अननस उकळून घ्या, ते द्रव्य मरतं."

जेली प्रथिनाची असते! श्रोतेहो, हे वाक्य मी ऐकलं. माझं शिक्षण झालेलं. जेलीच्या पाकिटात दूध नाही, डाळ नाही, मग हे प्रथिन आलं कुठून, हा प्रश्न मला तिथंच पडायला हवा होता. पण मी पुढच्या वर्षापासून अननस उकळून घेतला. जेली छान थिजली आणि माझ्या लेखी प्रश्न मिटला.

मग सरकारचा नियम आला. २००१ सालच्या त्या नियमानं खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका आणि मांसाहारी असेल तर तपकिरी ठिपका छापणं सक्तीचं झालं. २००२च्या जूनमध्ये, वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, मी ओट्यावर सामान काढून ठेवत होते. बिस्किटांवर हिरवा ठिपका. कस्टर्डच्या डब्यावर हिरवा. जेलीचं पाकीट उलटं केलं, तर कोपऱ्यात चौकोनात तपकिरी ठिपका. आणि खाली बारीक अक्षरात 'जिलेटिन'.

जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं शिजवून काढलेलं प्रथिन. पाच वर्षं मी ते एका माळकरी बाईला, छातीवर हात ठेवून, खाऊ घातलं होतं.

रात्री मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता सांगून काय होणार? त्यांना माहीत नव्हतं, तुला माहीत नव्हतं. नकळत झालेल्याला दोष नसतो. उगाच म्हातारीच्या जिवाला घोर." मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटायला हवंच होतं. चार दिवस मी गप्प राहिले, आजी दिसल्या की काहीतरी काम काढून आत जायची. पण अननसाचं पाणी डोळ्यांसमोरून हलेना. अगदी काहीच माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी आजीच आल्या. "बाई, औंदा आंबं लई हायती. पुडिंग जरा मोठ्या भांड्यात करा." मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा हात माळेकडे गेला.

"किती वर्सं?" त्यांनी विचारलं.

"पाच."

त्या उठल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. त्या वर्षी वाढदिवसाला पुडिंग झालं नाही. आजी आमच्या दारात यायच्या थांबल्या. सून नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "म्हातारी एकच वेळ जेवतीय." मला वाटलं, ह्यांचंच बरोबर होतं, मी बोलायलाच नको होतं.

आषाढीला आजी पंढरपूरला गेल्या. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात उभ्या. हातात प्रसादाची पुडी. चुरमुरे, बत्तासे, बुक्का.

"इठ्ठलाला सांगून आले," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलंसा म्हणून त्येला सांगता आलं. न्हाईतर तशीच उभी ऱ्हायले असते त्येच्यापुढं."

मला काय बोलावं ते सुचेना. मग त्याच म्हणाल्या, "आता दुसऱ्या कशानं थिजतंय का बघा की. पोरगं रुसलंय."

थिजतं ना! चायना ग्रासनं थिजतं. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेले हे पांढरे, कोरडे धागे किंवा पट्ट्या वाण्याकडे मिळतात. तेव्हापासून मी करते ते हे पुडिंग. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. प्रमाण आठ-दहा माणसांचं आहे.

एका पसरट काचेच्या भांड्यात वीसेक मारी बिस्किटं थंड दुधात बुडवून लगेच लावून घ्या. भिजत ठेवू नका, लगदा होतो. जाता जाता सांगते, ही मारीही लंडनची. रशियाची राजकन्या मारिया १८७४ साली इंग्लंडच्या राजपुत्राची वधू झाली, तेव्हा तिच्या नावानं काढलेलं हे बिस्किट.

आता कस्टर्ड. पाऊण लिटर दूध घ्या. त्यातलं कपभर थंडच बाजूला काढून त्यात पाच मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवा. पावडर थेट गरम दुधात टाकली तर पिठाचे कण बाहेरून फुगतात, आत कोरडे राहतात आणि गुठळ्या होतात. उरलेलं दूध सहा चमचे साखर घालून उकळा, कालवलेली पावडर हळूहळू ओता आणि ढवळत राहा. घट्ट झालं तरी दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा, म्हणजे पिठाची कच्ची चव जाते. गोडी बघायला घेतलेला चमचा मात्र परत भांड्यात घालू नका. हा नुसता उष्ट्या-खरकट्याचा विचार नाही. लाळेत पिष्ट फोडणारं द्रव्य असतं. त्यानं घट्ट कस्टर्ड पातळ होतं. आपल्या आज्या उष्टा चमचा भांड्यात घालू देत नसत, ते असंही बरोबरच होतं. कस्टर्ड कोमट झालं की बिस्किटांवर ओता आणि गार होऊ द्या. त्यावर दोन वाट्या फळं पसरा. आंबा, चिकू, केळं, जे असेल ते.

जेलीसाठी पाच ग्रॅम चायना ग्रास, म्हणजे दहा ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं, वीस मिनिटं पाण्यात भिजवा. मग ते निथळून दोन कप पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. एक धागाही दिसता कामा नये. गाळून घ्या, गॅस बंद करा आणि मगच अर्धा कप गोड अमृतकोकम घाला. कोकम आधी घालून उकळलंत तर आंबटपणामुळे चायना ग्रासची थिजण्याची ताकद कमी होते. कोकम फ्रिजमधलं गार नको, नाहीतर भांड्यातच गोळे होतील. मिश्रण कोमट झालं की पळीच्या पाठीवरून अलगद फळांवर ओता. घाई करू नका आणि फार थांबूही नका, कारण चायना ग्रास चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे घरातल्या हवेतच थिजू लागतं. जिलेटिनची जेली उन्हाळ्यात बाहेर ठेवली की विरघळते. ही विरघळायला पाणी जवळजवळ उकळावं लागतं. म्हणून भारनियमन असलं तरी हिची काळजी नाही. वीज आली की भांडं तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा, थंड झाल्यावर खरी मजा.

एक फरक सांगायला हवा. ही जेली चमच्यावर पूर्वीसारखी थरथरत नाही. ती जरा ठिसूळ असते, सुरीनं स्वच्छ कापली जाते. नातवानं पहिल्या वर्षी तक्रार केली होती. दुसऱ्या वर्षी विसरला.

त्या श्रावणात एकादशी टाळून आम्ही राहिलेला वाढदिवस केला. मी मुद्दाम कच्चा अननस घातला. चायना ग्रासमध्ये प्रथिन नाही, त्यामुळे अननसाला तोडायला काही नव्हतं. जेली घट्ट थिजली. आजींना मी पाकीट दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि वाटी घेतली.

आजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाकिटांवरच्या खुणाही बदलल्या. मांसाहारी पदार्थाला आता तपकिरी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण असतो, आणि हिरव्या ठिपक्याची तयार जेलीही दुकानात मिळते. सगळं सोपं झालं आहे. फक्त पाकीट उलटं करून बघायचं, आणि पान वाढण्याआधी विचारायचं, "तुम्हाला काय चालत नाही?" बर्मिंगहॅमच्या त्या नवऱ्यानं बायकोपुरतं तेवढंच तर केलं होतं. आणि चुकून आपण कुणाला नको ते वाढलंच, तर त्यांना सांगायचं. पुढचं त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं.

या जूनमध्ये करून बघा. अननस कच्चाच घाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)