बाभळीचा काटा आणि सायकलचं टायर

नांदेडहून अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला रोड सायकलनं जाणाऱ्यांचा खरा वैरी म्हणजे बाभळीचा काटा. कडेची झाडं छाटली की काटे थेट डांबरावर येतात. म्हणून सरावाला 28 मिलिमीटर रुंदीचं, रबराखाली दाट विणीचा संरक्षक पट्टा असलेलं टायर घ्या. कॉन्टिनेंटल कंपनीचं गेटरस्किन त्यातलंच. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे ना, ते आधी पाहा. हे टायर थोडं जड पळतं, पण सरावात ते चालतं. शर्यतीला मात्र व्हेक्ट्रान धाग्याचा पट्टा असलेलं त्याच कंपनीचं ग्रां प्री 5000 बरं. पंक्चर झालंच, तर नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून जपून बोटं फिरवा. काट्याचं मोडकं टोक तिथंच राहिलं, तर नवी ट्यूबही जाते.