मशीन लावण्याआधी एक प्रश्न

मधुमेहात तळपायाची जखम महिनोन्‌महिने चिघळत राहते, तेव्हा घरचे विचारतात, "डॉक्टर, ते ओढणारं मशीन लावूया का?" लावू. पण आधी समजून घ्या.

जखमेत स्पंज बसवतात, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून ती हवाबंद करतात, आणि पंप नळीतून हवा ओढतो. दाब साधारण उणे 125 मिलिमीटर पारा. साचलेलं पाणी निघतं, सूज उतरते, कडा जवळ येतात, तळाशी लालसर नवं मांस धरू लागतं. ड्रेसिंग दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. नळीत अचानक लालभडक रक्त आलं तर? मशीन बंद करा, जखम दाबून धरा, थेट दवाखाना गाठा.

आता महत्त्वाचं. काळं पडलेलं मांस आधी काढावंच लागतं. हाडाला जंतुसंसर्ग असेल, तर आधी त्यावर उपचार. आणि साखर चढलेली, त्याच पायावर चालणं सुरू, मग पंप बिचारा काय करणार? तो जखमेला मदत करतो, पाय एकटा वाचवत नाही. म्हणून मशीनचं भाडं विचारण्याआधी हे विचारा: "डॉक्टर, पायापर्यंत रक्त नीट पोचतंय ना?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज रात्री तळपाय नक्की बघा.